ओआरएसमध्ये साखर कशाला? समजून घ्या पेशीचं ‘लॉगिन’

जुलाबात अंगातलं मीठ-पाणी जातं, म्हणून ओआरएस देतात. मग त्यात साखर कशाला? चवीसाठी? नाही!

मिठातलं सोडियम आतड्याच्या पेशीच्या आवरणातून थेट आत जाऊ शकत नाही. तिथे एसजीएलटी-१ नावाचं प्रथिनाचं दार असतं. पासवर्ड आणि ओटीपी दोन्ही लागतात ना, तसंच इथे २ सोडियम आणि १ ग्लुकोज एकत्र आले तरच प्रवेश मिळतो. त्यांच्यामागोमाग पाणीही शरीरात शोषलं जातं.

पेशीच्या रक्ताकडच्या बाजूला एक पंप बॅकग्राउंड अ‍ॅपसारखा सतत चालू असतो. एटीपीची ऊर्जा वापरून तो दर फेरीला ३ सोडियम बाहेर टाकतो, २ पोटॅशियम आत घेतो. म्हणून पेशीत सोडियम कमीच राहतं आणि आतड्यातलं नवं आत येत राहतं.

कॉलऱ्यातही हे दार चालू राहतं. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला, सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजूनच असंख्य जीव वाचवले.

पाकिटावर लिहिलंय तेवढंच पाणी घ्या. वरून साखर घालू नका. जास्तीची साखर पाणी आतड्यात खेचते आणि जुलाब वाढतात.