शर्टाचे माप आणि अंगाची मोकळीक

नीट बसणारा शर्ट म्हणजे अंगाला घट्ट चिकटणारा शर्ट, हा समज तयार कपड्यांच्या दुकानांत सर्रास आढळतो. वास्तविक कपड्याचे बसणे हे त्यातील मोकळिकीवर (अंगाचे माप आणि कपड्याचे माप यांतील हेतुपुरस्सर राखलेला फरक) अवलंबून असते. दार चौकटीत बसवताना सुतार जशी थोडी फट ठेवतो, आणि ती नसेल तर दार पावसाळ्यात अडकते, तशीच ही मोकळीक श्वास घेण्यासाठी व हात उचलण्यासाठी आवश्यक असते. न ताणल्या जाणाऱ्या सुती शर्टात छातीभोवती ती साधारण 3 ते 5 इंच असते.

शर्टाच्या लेबलवरील आकड्याविषयीही गोंधळ होतो. औपचारिक शर्टावरील 40 हा आकडा बहुधा गळ्याचे सेंटिमीटरमधील माप दर्शवतो, तर अनौपचारिक शर्टावरील 40 हे अनेकदा छातीचे इंचांतील माप असते. शिवाय प्रत्येक कंपनीची बेतणी निराळी असल्याने एकाच आकड्याचे दोन शर्ट सारखे बसतीलच असे नाही.

म्हणून खरेदी करताना आकड्यापेक्षा खांद्याची शिवण आधी पाहणे योग्य ठरते. ती खांद्याच्या हाडाच्या टोकाशी यावी, कारण कमरेचा घोळ शिंपी बाजूच्या शिवणींतून सहज कमी करतो, बाहीची लांबीही घटवतो, परंतु खांदा बदलण्यासाठी संपूर्ण बाही उसवावी लागते आणि ते काम खर्चिक असूनही क्वचितच निर्दोष होते.