बिनतारी धागा मध्येंच कां तुटतो ?

पवईच्या एखाद्या वसतिगृहांत विद्यार्थी रात्रीं लॅपटॉपपुढें बसलेला असतो. प्रबंध पाठविण्याची मुदत संपावयास पांचच मिनिटें उरलेलीं असतात, आणि नेमकें तेव्हांच वायफाय तुटतें. थोड्या वेळानें तें आपोआप सुरूहि होतें. पण मुदत टळलेली असते. दुसऱ्या दिवशीं तपासणीस येणाऱ्याला सारें कांहीं ठीक दिसतें. 'अधूनमधून असें होतें' या तीन शब्दांपलीकडे कोणाच्याच हातीं कांहीं लागत नाहीं. वस्तुतः या 'अधूनमधून'च्या पाठीमागें बहुधा एखादा नियम दडलेला असतो; तो हुडकणें हाच या दुखण्याचा अर्धा उपचार होय.

पवईची भारतीय तंत्रज्ञान संस्था १९५८ सालीं स्थापन झाली आणि १० मार्च १९५९ रोजीं पंडित नेहरूंनीं तेथें कोनशिला बसविली. अशा विस्तीर्ण आवारांत घरगुती राउटर पुरा पडत नाहीं. इमारतीइमारतींच्या छतांना शेंकडों अॅक्सेस पॉइंट लावावे लागतात, आणि त्या सर्वांवर कंट्रोलर नांवाचें एक मध्यवर्ती यंत्र हुकमत चालवितें. म्हणजे धाग्याचे तीन पदर झाले : फोनपासून छतापर्यंत हवेंतला, छतापासून कंट्रोलरपर्यंत तारेंतला, आणि कंट्रोलरपासून ओळख पटविणाऱ्या सर्व्हरपर्यंतचा. कोणताहि पदर तुटला तरी वापरणाऱ्याला तें एकसारखेंच दिसतें.

म्हणून पहिले प्रश्न तीनच : कोणाचें तुटलें, कोठें तुटलें, केव्हां तुटलें ? एकट्याचेंच तुटत असेल तर दोष बहुधा त्याच्या यंत्रांत. एका मजल्यावरील सर्वांचें एकदम तुटलें तर तेथील अॅक्सेस पॉइंट किंवा त्याला वीज व तार पुरविणारा स्विच तपासावा. साऱ्या आवाराचें तुटलें तर संशय कंट्रोलरवर किंवा सर्व्हरवर.

चालतांना तुटत असेल तर प्रकार निराळा. एक अॅक्सेस पॉइंट सोडून दुसरा केव्हां धरावयाचा, हें मुख्यतः फोनच ठरवितो. कांहीं फोन मुंबईच्या जुन्या भाडेकरूसारखे असतात. शेजारीं चांगली जागा रिकामी असली तरी पहिलें बिऱ्हाड सोडीत नाहींत. यावर अॅक्सेस पॉइंटची शक्ति वाढविणें हा उपाय सुचतो, पण तो उलटतो. जत्रेंतील कर्णा दूरवर ऐकूं जातो, परंतु ऐकणाऱ्याची क्षीण हांक कर्ण्यापर्यंत पोंचत नाहीं. फोनवर खूण भरपूर दिसते, तरी संभाषण होत नाहीं.

बरोबर अर्ध्या किंवा एका तासानें तुटत असेल तर घड्याळाकडे पाहावें. ओळख पुन्हां पटविण्याची ठराविक मुदत कंट्रोलरमध्यें घातलेली असते. त्या वेळीं फोन किंवा सर्व्हर उत्तर देण्यास चुकला कीं जोडणी जाते.

चौथा गुन्हेगार आकाशांतला आहे. पवईहून फार दूर नसलेल्या अंधेरीकडील वेरावली येथें हवामान खात्याचें सी-बँड रडार जानेवारी २०२२ मध्यें सुरू झालें. अशीं हवामान-रडारें सामान्यतः ५६०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी वापरतात, आणि पांच गिगाहर्ट्झच्या वायफायच्या कांहीं वाहिन्या त्याच पट्ट्यांत येतात. रडारचा मान पहिला. म्हणून आंतरराष्ट्रीय संकेत असा कीं, रडारची चाहूल लागतांच अॅक्सेस पॉइंटनें दहा सेकंदांत वाहिनी सोडावी व अर्धा तास तीवर परतूं नये. नवी वाहिनीहि याच वर्गांतली असेल तर आधीं निदान एक मिनिट नुसतें ऐकावें लागतें. कधीं कधीं दुसऱ्याच लहरींना रडार समजून व्यर्थ पळापळ होते. कंट्रोलरच्या नोंदींत ही चाहूल वारंवार आढळली, तर त्या जागीं तेवढ्या वाहिन्या वर्ज्य करणें हा सरळ उपाय.

मात्र या नोंदी उपयोगीं पडावयाच्या तर कंट्रोलर, स्विच व सर्व्हर यांचीं घड्याळें जुळलेलीं हवींत. नाहीं तर एकाच घटनेच्या तीन नोंदी तीन घटना वाटतात. दुरुस्ती करतांना एका वेळीं एकच फेरफार करावा; दोन केले तर गुण कशाचा आला, तें कळत नाहीं. वापरणाऱ्याचें कामहि थोडें नाहीं. 'वायफाय चालत नाहीं' असें न म्हणतां 'दुसरा मजला, जिन्याजवळ, रात्रीं दहा वाजून बारा मिनिटें, शेजाऱ्याचें चालू होतें' असें त्यानें लिहून दिलें, तर त्या एका ओळीनें तपासणाऱ्याचे कित्येक दिवस वांचतात, आणि पुढच्या विद्यार्थ्याची मुदतहि.