फुलपाखराला नाव ठेवताना

मराठीत ‘नाव ठेवणं’ आणि ‘नावं ठेवणं’ यांत एका अनुस्वाराचं अंतर आहे. पहिलं बारशात करतात, दुसरं बारशाहून परतताना! फुलपाखरांच्या शास्त्रात मात्र दोन्ही कामं करावी लागतात. नाव ठेवण्यापूर्वी शास्त्रज्ञ आपल्याच शोधाला नावं ठेवून पाहतो. हे खरंच नवं आहे, की जुनंच वेगळ्या कपड्यांत आलंय?

पुण्यात आमच्या अंगणात कढीपत्त्याचं झाड आहे. त्यावर पक्ष्यांच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या येत. कीड समजून मी त्या वर्षानुवर्षं झटकून टाकत असे. एका पावसाळ्यात राहू दिल्या, आणि काही आठवड्यांनी त्यांची काळीभोर फुलपाखरं झाली. हे ‘कॉमन मॉरमॉन’. याचा नर काळा, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. मादी मात्र तीन रूपांत येते. एक नरासारखी, उरलेल्या दोघी पक्ष्यांना न पचणाऱ्या दोन विषारी फुलपाखरांची हुबेहूब नक्कल करतात. यातल्या एका रूपाला क्रॅमर यांनी 1775 मध्ये ‘रोम्युलस’ नावाची स्वतंत्र जात ठरवलं. पुढे कळलं, ती तर त्याच घरातली लेक! हा वेश एकच जनुक ठरवतो, हे कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं.

शिवाय, उष्ण प्रदेशात ऋतूनुसारही रंग बदलतात. एकाच जातीच्या पंखांवर पावसाळ्यात ठळक डोळे दिसतात. उन्हाळ्यात तीच वाळक्या पानासारखी होते. म्हणून नुसत्या रंगावर विसंबून चालत नाही.

मग नवी जात ठरते कशी? परवानगी घेऊन नमुने गोळा करायचे, संग्रहालयांतल्या जुन्या नमुन्यांशी ते ताडून पाहायचे. पंखांच्या शिरा, खुणा, नराच्या जननेंद्रियांची रचना भिंगाखाली तपासायची. जमल्यास डीएनए पाहायचा, अळीचं खाद्यझाड शोधायचं. त्यातला एक नमुना ‘होलोटाइप’ म्हणून निवडायचा. तो त्या नावाचा कायमचा साक्षीदार. पुढे कुणाला शंका आली, तर त्यालाच विचारायचं. हे सारं वर्णन छापून आलं, की नाव रुजू झालं. साधारण नियम असा, की आधी छापलेलं नाव टिकतं. आणि ही मोजणी लिनियसच्या 1758 च्या ग्रंथापासून सुरू होते.

लिनियसने ट्रॉयच्या युद्धातले वीर फुलपाखरांना वाटून टाकले. पुण्यात दिसणारं काळं-लाल ‘क्रिमझन रोझ’ शास्त्रात ‘हेक्टर’ आहे. आता आपली नावंही तिथे पोहोचली आहेत. अरुणाचल प्रदेशातल्या एका जातीचं कुंटे यांनी 2015 मध्ये ‘नारद’ असं बारसं केलं. 2023 मध्ये तमिळनाडूच्या मेघमलई डोंगरांतल्या नव्या जातीला त्या डोंगराचंच नाव मिळालं. आपला पश्चिम घाट अजून पुरता वाचून झालेला नाही, हाच याचा अर्थ.

पण एवढा खटाटोप कशासाठी? कारण संरक्षण नावाने मिळतं. वन्यजीव कायद्याच्या परिशिष्टांत नावं असतात. डोंगर फोडण्याआधी तिथे काय जगतं याची यादी होते, तीही नावांचीच. ज्याला नावच नाही, ते यादीत कसं येणार? ते गेलं तरी कुणी रडत नाही. कारण गेलं कोण, हेच ठाऊक नसतं.

माझी दादी सांगायची, अल्लाहने आदमला घडवलं आणि सर्वांत आधी साऱ्या वस्तूंची नावं शिकवली. लहानपणी वाटे, त्याआधी भाकरी का नाही शिकवली? आता थोडं थोडं उमगतं. नाव कळलं, की हात झटकायला उचलत नाही.

कढीपत्ता आम्ही हल्ली मंडईतून आणतो. अंगणातला त्यांचा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)