घरी नवा मोडेम आला

घरात इंटरनेट येते ते कशातून? पूर्वी ते टेलिफोनच्या तांब्याच्या तारेतून यायचे. त्या तारेतून विजेचे इशारे येत. आता पुष्कळ गावांत काचेची तार आली आहे. तिला फायबर म्हणतात. आतला काचेचा धागा केसासारखा बारीक असतो. त्यातून वीज जात नाही, उजेड जातो. म्हणून जुना मोडेम तिथे चालत नाही. उजेडाचे इशारे ओळखणारा नवा मोडेम लागतो.

हा मोडेम कुठे ठेवाल? लोखंडी कपाटात ठेवू नका. वायफायच्या लहरी लोखंडाला अडतात. जाड भिंतीतून जाताना त्या क्षीण होतात. म्हणून मोडेम घराच्या मधोमध, उंच फळीवर, मोकळा ठेवा. काचेची तार मुडपू नका. तिच्या टोकात डोकावू नका. आतला उजेड दिसत नाही, पण डोळ्याला अपाय करू शकतो.

मोडेमवर बारके दिवे असतात. एकाखाली 'एल-ओ-एस' अशी इंग्रजी अक्षरे असतात. तो दिवा लाल झाला, तर उजेड आत पोचत नाही असे समजा. तार तुटली किंवा दुमडली असेल. कंपनीला कळवा.

इंटरनेट हळू चालले, की कुणी म्हणते, "मोठा प्लॅन घ्या." लगेच पैसे मोजू नका. आधी मोबाइल मोडेमजवळ नेऊन बघा. तिथे नीट चालते अन् मागच्या खोलीत चालत नाही? मग दोष प्लॅनचा नाही, जागेचा आहे. विहिरीला पाणी भरपूर, पण पाट फुटका! मग मोठी मोटार बसवून काय उपयोग? मोडेमजवळही हळू चालले, तर तक्रार करा. गरज असेल तरच प्लॅन वाढवा.

आणखी एक गोष्ट. मोडेमच्या चिठ्ठीवर पासवर्ड छापलेला असतो. तो पहिल्याच दिवशी बदलून घ्या. पासवर्ड म्हणजे घराची किल्ली. तुमच्या वायफायवरून कुणी फसवणूक केली, तर चौकशी तुमच्या दारी येते. कारण जोडणी तुमच्या नावावर असते.

जुना मोडेम कंपनीचा असेल, तर परत करताना पावती घ्या. नव्या प्लॅनचा कागद स्वतः वाचा. महिन्याला किती रुपये, ते बघा. मगच सही करा. आता तुम्हाला वाचता येतंय ना? मग दुसऱ्याच्या तोंडावर विसंबायचं कशाला?