झाडं खेळवतात: सपाट रानातला डिस्क गोल्फ

सपाट जमिनीवर डिस्क गोल्फ खेळण्यात काय मजा, असं विचारणाऱ्याला मी डहाणू तालुक्यातल्या बोर्डीच्या सुरूच्या बनात नेतो. लांबच्या एका खोडाला गोणपाट बांधतो आणि चकती त्याच्या हातात देतो. दंडात जोर असलेली माणसंही पहिली फेक वाटेतल्या खोडावर आपटतात. मग प्रत्येक जण पुढे वाकून दोन झाडांमधली फट शोधू लागतो. तिथून खेळ सुरू होतो.

इतिहास थोडक्यात सांगतो. वॉल्टर मॉरिसन यांची प्लास्टिकची उडती चकती व्हॅम-ओ कंपनीने 1957 मध्ये बाजारात आणली. पुढे त्याच कंपनीत काम केलेल्या एड हेड्रिक यांनी 1975 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह बागेत पहिलं कायमस्वरूपी मैदान आखलं. सुरुवातीला तिथे लक्ष्य म्हणून नुसते खांब होते, साखळ्यांची बास्केट नंतर आली. चकती जिथे थांबेल तिथून पुढची फेक करायची आणि कमीत कमी फेकींत बास्केट गाठायची, एवढाच मूळ नियम.

आता माझ्या आवडीचा भाग. उजव्या हाताने बॅकहँड फेकलेली चकती वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते आणि वेग मंदावला की डावीकडे झुकते. फोरहँडने फेकली तर उजवीकडे. उघड्या माळावर हे वळण थोडंफार चुकलं तरी निभावतं. झाडीत मात्र फट कुठे आहे यावर हात ठरतो, आणि वळण कुठे सुरू होईल यावर चकती. ड्रायव्हर प्रकारची चकती लांब जाते, पण शेवटी जोरात वळते. म्हणून दाट बनात मी मिडरेंज किंवा पटर या कमी पल्ल्याच्या चकत्याच काढतो. समुद्राकडून समोर येणारा वारा बॅकहँडच्या चकतीला उजवीकडे उलटवू पाहतो, पण बनाच्या आत तो बराच मंदावतो. किनाऱ्यालगतची कड आणि आतला भाग अशी एकाच बनात दोन निराळी मैदानं मिळतात.

घोलवडच्या चिकूवाडीत तर हा खेळ भूमितीच होतो. चिकूची झाडं साधारण 10 मीटर अंतरावर, चौरस मांडणीत लावतात. ओळीने पाहिलं तर 10 मीटर रुंदीची वाट दिसते. कर्णाच्या दिशेने वळलात की तीच वाट 7 मीटरची होते, आणि बुद्धिबळातल्या घोड्याच्या चालीने पाहिलंत तर जेमतेम साडेचार मीटर उरतात. झाडं तीच असतात, आपण उभं राहण्याची जागा बदलली की सोपी फेक अवघड होते. शिवाय जुन्या चिकूचा घेर जमिनीजवळ उतरलेला असतो, त्यामुळे चकती छातीच्या खालीच ठेवावी लागते. अर्थात, वाडीत मालकाला विचारूनच शिरायचं आणि काढणी चालू असेल तर चकती पिशवीतच ठेवायची.

तलासरीकडे मात्र जमीन चढउताराची आणि झाडी सागाची. उन्हाळ्यात गळलेल्या मोठ्या पानांखाली चकती शोधण्यातच अर्धा वेळ जातो, म्हणून तिथे भडक रंगाचीच चकती न्यावी.

झाडं आणि हा खेळ यांचं सख्य बाहेरही दिसतं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधलं मेपल हिल हे नामांकित मैदान नाताळच्या झाडांच्या शेतीतच वसलेलं आहे. टोरांटोच्या बेटावरचं मैदान सपाट आणि झाडीचं आहे. नियमही झाडाच्या बाजूने आहे: फेकीला आड येते म्हणून फांदी मोडता येत नाही, खेळाडूनेच उभं राहण्याची पद्धत बदलायची.

म्हणूनच हा खेळ डहाणूला शोभतो असं मी म्हणतो. 1991 पासून हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून जाहीर आहे, इथल्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. अशा ठिकाणी मोठी बांधकामं करून खेळ आणण्यापेक्षा आहे ते रान जपणारा खेळ हवा. रीतसर परवानगी घेऊन नऊ बास्केटचं मैदान आखलं तर जमीन सपाट करायला नको, हिरवळ वाढवायला नको, झाड तोडायला तर नकोच. कारण इथे एक झाड गेलं की त्याच्याबरोबर एक फेकही जाते, आणि झाडं राखण्याचं याहून पटणारं कारण कुठल्याही खेळाडूला लागणार नाही.