उभ्या कोठाराला परवानगी, पडलेल्याला नाही

लंडनच्या हीथ्रो विमानतळाला लागून हार्मंड्सवर्थ नावाचे गाव आहे. तिथे 1426 साली बांधलेले एक धान्यकोठार अजून उभे आहे. विंचेस्टर कॉलेजने ते आपल्या शेतजमिनीवर बांधून घेतले. लांबी जवळजवळ 58 मीटर आणि आतला सगळा सांगाडा ओकच्या लाकडाचा. आज ते इंग्लिश हेरिटेज या संस्थेच्या ताब्यात, सुरक्षित आहे. लंडनला लेकाकडे किंवा लेकीकडे जाणाऱ्या मराठी माणसांनी ते जरूर पाहावे. मात्र असे भाग्य इंग्लंडमधल्या थोड्याच कोठारांच्या वाट्याला आले. बाकीची हजारो कोठारे, गोठे आणि तबेले ओस पडले आहेत. त्यांचे करायचे काय, हा तिथल्या खेड्यांतला मोठा वादाचा विषय आहे.

तिथे कोठाराला बार्न म्हणतात. जुन्या बार्नमध्ये नुसती साठवण होत नसे, मळणीही तिथेच होई. पावसाळी हवेमुळे उघड्यावरचे खळे त्या देशात परवडणारे नव्हते. म्हणून समोरासमोर दोन मोठी दारे ठेवत आणि मधल्या जमिनीवर हिवाळाभर कणसे झोडपत. दोन्ही दारे उघडली की आरपार वारा वाहे आणि त्या वाऱ्यावर धान्य उफणले जाई. पुढे कापणी आणि मळणी एकत्र करणारी यंत्रे आली. ती या दारांतून आत जाईनात. धान्य पत्र्याच्या अवाढव्य शेडमध्ये गेले आणि दगडी, लाकडी बार्न रिकामे झाले.

रिकाम्या बार्नचे घर करावे हे कोणालाही सुचेल. पण 1947 चा नगर व ग्राम नियोजन कायदा 1 जुलै 1948 पासून लागू झाला आणि तेव्हापासून जमीनमालकाला बांधकामाचा किंवा वापर बदलण्याचा हक्क आपोआप मिळेनासा झाला. शेतीला यातून मोकळीक होती. शेताचे घर करायचे तर मात्र परवानगी हवी. आपल्याकडे शेतजमीन एनए करून घेताना जे घडते त्याच्याशी याचे नाते आहे, फक्त तिथे प्रश्न महसुलाचा नसून नियोजनाचा असतो. उघड्या माळावर एकटे घर नको, हे तिथले जुने धोरण. त्यामुळे अनेक अर्ज फेटाळले जात.

घरांची टंचाई वाढली, तेव्हा सरकारने एप्रिल 2014 मध्ये एक वाट काढून दिली. 2015 च्या नियमावलीत तिला ‘क्लास क्यू’ हे नाव मिळाले. शेतीच्या इमारतीचे घर करण्यासाठी पूर्ण प्लॅनिंग परमिशनची गरज नाही, कौन्सिलची पूर्वसंमती पुरे. सुरुवातीला तीन घरांची मर्यादा होती, 2018 मध्ये ती पाचावर गेली. मे 2024 पासून दहा घरे, एकूण 1000 चौरस मीटर आणि प्रत्येक घर जास्तीत जास्त 150 चौरस मीटर अशी मर्यादा आहे. हे सारे फक्त इंग्लंडपुरते. स्कॉटलंड आणि वेल्सचे कायदे निराळे आहेत.

पूर्वसंमती देताना कौन्सिल ठरावीक गोष्टीच पाहते: रस्ता आणि वाहतूक, आवाज, जमिनीतले प्रदूषण, पुराचा धोका, जागेची सोय, बाहेरून दिसणारे रूप, खोल्यांत येणारा उजेड. मुदत 56 दिवसांची. अर्जदाराच्या संमतीने ती वाढू शकते. मुदतीत उत्तरच आले नाही, तर संमती मिळाली असे धरून काम सुरू करता येते. सरकारी कामाचा अनुभव असलेल्या आपल्या वाचकांना ही तरतूद हेवा वाटावी अशी आहे.

खरी मेख पुढे आहे. क्लास क्यू रूपांतराला हक्क देतो, नव्या बांधकामाला देत नाही. खिडक्या, दारे, छप्पर, बाहेरच्या भिंती बदलता येतात, पण राहण्यासाठी गरजेचे असेल तेवढेच. मग रूपांतर कुठे संपते आणि नवे बांधकाम कुठे सुरू होते? नॉटिंगहॅमशरमधल्या रशक्लिफ कौन्सिलच्या हद्दीतले एक प्रकरण 2016 मध्ये उच्च न्यायालयात गेले. लोखंडी सांगाड्याची ती शेड तीन बाजूंनी जवळपास उघडीच होती. मालकाला तिचे घर करायचे होते. न्यायालयाने म्हटले की सांगाडा तेवढा राखून बाकी सगळे नव्याने उभारायचे असेल, तर ते रूपांतराच्या फार पलीकडे जाते. मालक हरला. तेव्हापासून स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या अहवालाला फार वजन आले. जे उभे आहे ते घराचा भार पेलेल का, हे त्याला दाखवून द्यावे लागते.

मला हा निकष मनापासून पटतो. जुनी इमारत वाचवण्यासाठी सवलत दिली असेल, तर इमारत शिल्लक राहायलाच हवी. या निकषाची झळ कामाच्या मधोमधही बसते. काम चालू असताना भिंत ढासळली आणि ठेकेदाराने ‘आता पाडूनच बांधू’ म्हणून बार्न पाडला, तर संमतीचा आधारच जातो. रूपांतर करायला मागे काही उरलेलेच नसते. मालकाला पूर्ण परवानगीसाठी नव्याने अर्ज करावा लागतो, तोही मोकळ्या जागेचा मालक म्हणून.

पाडून नवे बांधायचे असेल तर एक आडवाट आहे, ती 2017 मध्ये टनब्रिज अँड मॉलिंग कौन्सिलच्या प्रकरणात पक्की झाली. केंटमधल्या एका शेतावर बार्न आणि बंगला पाडून चार नवी घरे बांधायला कौन्सिलने परवानगी दिली होती आणि शेजाऱ्याने तिला आव्हान दिले. अपील न्यायालयाने परवानगी कायम ठेवली. क्लास क्यूखाली मालक इथे घरे करू शकला असता आणि तसे होण्याची खरी शक्यता होती, म्हणून त्या पर्यायाशी तुलना करून नव्या योजनेचा विचार करणे योग्यच, असे न्यायालयाचे म्हणणे. तेव्हापासून जाणकार सल्लागार आधी रूपांतराची संमती हातात घेतात आणि मग तिच्या बळावर चांगल्या, नव्या घराची पूर्ण परवानगी मागतात.

जुन्या बार्नला आणखी रहिवासी असतात. इंग्लंडमध्ये वटवाघळांच्या सर्व जातींना कायद्याचे संरक्षण आहे. वापर नसतानाही त्यांच्या निवाऱ्याला हात लावता येत नाही. संध्याकाळी बाहेर पडणाऱ्या वटवाघळांची पाहणी साधारण मे ते सप्टेंबर याच काळात होते. ऑक्टोबरमध्ये जाग आली तर अर्ज पुढच्या उन्हाळ्यापर्यंत अडकतो. गव्हाणी घुबडाने घरटे केले असेल, तर विणीच्या काळात त्याला त्रास देणे हा 1981 च्या वन्यजीव कायद्यानुसार गुन्हा आहे. खर्च वाढतो म्हणून मालक कुरकुरतात. पण माणसाने सोडलेली वास्तू ज्यांनी जपली, त्यांचा हक्क आधी मानला पाहिजे.

माझी तक्रार वेगळी आहे. राष्ट्रीय उद्याने, संरक्षित निसर्गरम्य प्रदेश आणि वारसा यादीतल्या इमारती क्लास क्यूमधून वगळल्या आहेत. तिथे पूर्ण परवानगीच घ्यावी लागते. परिणाम असा, की सपाट प्रदेशातल्या साध्या पत्र्याच्या शेडचे घर सहज होते आणि यॉर्कशर डेल्सच्या कुरणांत विखुरलेले देखणे दगडी बार्न छप्पर कोसळून संपत जातात. तिथल्या उद्यान प्राधिकरणाने 2016 च्या आराखड्यात रस्त्यालगतच्या बार्नना, स्थानिकांच्या घरासाठी किंवा पर्यटकांच्या निवासासाठी, वाट मोकळी केली. शेतांच्या मधोमध उभ्या असलेल्या बार्नना मात्र तसे करता येत नाही. तिथे नळ, वीज, मोटारीचा रस्ता नेला तर कुरणांचे रूपच बिघडेल. अशा बार्नना घर करण्याऐवजी डागडुजीसाठी पैसा द्यावा, हाच मला योग्य उपाय वाटतो.

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या ज्या मराठी कुटुंबांना असा बार्न घ्यावासा वाटतो, त्यांनी दोन गोष्टी व्यवहारापूर्वीच कराव्यात. इंजिनिअरचा अहवाल घ्यावा आणि वटवाघळांची पाहणी करून घ्यावी. क्लास क्यूच्या घराला अंगण लहानच मिळते, इमारतीने व्यापलेल्या जागेपेक्षा मोठे नाही. एरवी घरांना विनापरवानगी वाढवण्याची जी मुभा असते, तीही या घराला नसते. आणि संमती मिळाल्यापासून तीन वर्षांत काम नुसते सुरू करून भागत नाही, ते पूर्ण व्हावे लागते.