राहावे कोणत्या गावी?

चाणक्यनीतीतील एका श्लोकात वस्तीस योग्य अशा गावाची पाच लक्षणे सांगितली आहेत. धनिक, वेदवेत्ता, राजा, नदी आणि वैद्य हे पाच जेथे नसतील तेथे एक दिवसही राहू नये, असा त्याचा आशय आहे. धनिक म्हणजे रोजगार आणि पत, वेदवेत्ता म्हणजे शिक्षण, राजा म्हणजे कायदा व सुव्यवस्था असा अर्थ लावला, तर ही यादी आजही फारशी जुनी वाटत नाही. लंडनची ‘इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिट’ ही संस्था जगातील १७३ शहरांची राहण्यायोग्यता मोजते, तीदेखील पाचच कसोट्यांवर: स्थैर्य, आरोग्यसेवा, संस्कृती व पर्यावरण, शिक्षण आणि पायाभूत सुविधा. २०२२ पासून सलग तीन वर्षे या यादीत व्हिएन्ना पहिले होते. २०२५ मध्ये कोपनहेगनने त्याला मागे टाकले.

अशा याद्या छापून आल्या की घरोघरी चर्चा रंगते. निवृत्तीनंतर कोकणात घर बांधावे, की मुलीजवळ कॅलिफोर्नियात जाऊन राहावे, की आहोत तेथेच बरे? करमणूक म्हणून चर्चा ठीक आहे. परंतु ज्या कुटुंबाला हा प्रश्न खरोखर सोडवायचा असतो, त्याची पुढील वीस वर्षांची प्रकृती त्या उत्तरात गुंतलेली असते. म्हणून, वाचकहो, या याद्यांकडे थोड्या सावधपणे पाहिले पाहिजे.

मुळात त्या आपल्यासाठी केलेल्याच नाहीत. परदेशी नेमणूक झालेल्या अधिकाऱ्याला गैरसोयीपोटी किती भत्ता द्यावा, हे कंपन्यांना ठरवता यावे, हा अशा मोजणीचा एक प्रमुख उपयोग आहे. तिच्या डोळ्यांसमोरचा माणूस धडधाकट आहे, मध्यमवयीन आहे, दोन-तीन वर्षांनी परतणार आहे आणि त्याचे घरभाडे बहुधा कंपनी भरते आहे. गुडघे धरलेली आजी त्या हिशेबात नाही. आपल्या केंद्र सरकारच्या २०१८ च्या राहणीसुलभता निर्देशांकात पुणे देशात पहिले आले होते. पुणेकरांना त्याचे आश्चर्य वाटले नाही. ते काम इतरांनी केले. पण गुणांची बेरीज कितीही भरली, तरी भर गर्दीत रस्ता ओलांडू पाहणाऱ्या सत्तरीच्या माणसाची घालमेल त्या बेरजेत मावत नाही.

आयुर्वेदाने जागेचा विचार माणसाला वगळून केला नाही, हे मला अधिक शहाणपणाचे वाटते. त्यात भूमीचे तीन प्रकार मानले आहेत. कोरडा, विरळ झाडीचा जांगल देश वातविकार वाढवणारा. पाणथळ, दाट झाडीचा आनूप देश कफविकारांना पोषक. आणि दोहोंचा समतोल असलेला साधारण देश सर्वांत चांगला. परंतु या वर्गवारीच्या जोडीला सात्म्याचा, म्हणजे दीर्घ सवयीने शरीराला जे मानवले आहे त्याचा, विचार येतो. जी दमट हवा रत्नागिरीत जन्मलेल्याला जाणवतही नाही, तीच सोलापूरहून आलेल्या दमेकऱ्याला नकोशी होऊ शकते. एकच गाव दोघांसाठी एक नसते.

कोपनहेगनचेच पाहा. तेथे डिसेंबरात सूर्य जेमतेम सात तास क्षितिजाच्या वर असतो, तोही खूप खाली. आपल्या सावळ्या त्वचेला ड जीवनसत्त्व तयार करण्यासाठी गोऱ्या त्वचेपेक्षा अधिक ऊन लागते. ब्रिटनमध्ये म्हणूनच सावळ्या व काळ्या वर्णाच्या लोकांनी रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व वर्षभर घेण्याचा विचार करावा, असा सरकारी सल्ला आहे. हिवाळ्यातल्या अंधाराने येणाऱ्या ऋतुनिष्ठ नैराश्याचे वर्णन नॉर्मन रोझेन्थल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये केले. जगात पहिल्या आलेल्या शहरात एखाद्या कोल्हापूरकराचा जानेवारी महिना फार उदास जाऊ शकतो, आणि त्यात त्या शहराचा काही दोष नसतो.

आता हवापाण्याहून निराळी एक गोष्ट. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात रोसेटो नावाचे छोटे गाव आहे. दक्षिण इटलीतील रोसेटो वाल्फोर्तोरे या गावातून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या लोकांनी ते वसवले. पुरुष पाटीच्या दगडाच्या खाणींत राबत, स्त्रिया कपडे शिवण्याच्या कारखान्यांत जात. डॉ. स्ट्युअर्ट वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात या गावाचा अभ्यास केला, तेव्हा एक कोडे समोर आले. शेजारच्या बँगोर गावाच्या तुलनेत येथे हृदयविकाराने होणारे मृत्यू बरेच कमी होते. बँगोरची हवा तीच आणि औषधोपचारही सारखेच. आहाराने कोडे सुटेना, कारण ही मंडळी डुकराच्या चरबीत तळलेले पदार्थ खात होती. व्यायामाचे वेड नव्हते, विड्या-सिगारेटी भरपूर ओढल्या जात.

संशोधकांना अखेर जे सापडले ते परीक्षानळीत मावणारे नव्हते. एका छपराखाली तीन पिढ्या राहत. म्हाताऱ्यांचा शब्द घरात चाले. संध्याकाळी लोक ओट्यांवर बसत, येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवत. कुणाची पडती बाजू झाली तर गाव सावरून घेई, आणि ज्याच्याकडे पैसा असे तो त्याचे प्रदर्शन करणे कमीपणाचे समजे. हे सुटले तर हा लाभही सुटेल, असे भाकीत संशोधकांनी तेव्हाच केले होते. झालेही तसेच. तरुण पिढी शिकली, गावाबाहेर कुंपणांची मोठी घरे उठली, मोटारी आल्या, जेवणे वेगळी झाली. पन्नास वर्षांच्या मृत्यूनोंदींची तुलना १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा रोसेटोतील हृदयविकाराचे प्रमाण बँगोरच्या पातळीला येऊन पोहोचलेले दिसले. गाव त्याच टेकडीवर होते. गाव लहान असल्याने मृत्यूंची संख्या थोडी, तेव्हा अनुमान जपूनच काढावे. तरी या अभ्यासाकडे दुर्लक्ष करणे मला जमत नाही.

जपानमधील ओकिनावाचे उदाहरण आपल्या परिचयाचे असेल. शतायुषींचे बेट म्हणून त्याची ख्याती आहे. अतिवृद्धांच्या वयाच्या नोंदी कितपत विश्वसनीय आहेत, याविषयी सॉल न्यूमन या संशोधकाने अलीकडे गंभीर शंका उपस्थित केल्या आहेत, त्यामुळे त्या ख्यातीचे वजन थोडे कमी करून घ्यावे. निश्चित आहे ते असे की, २००० मध्ये पुरुषांच्या आयुर्मानात ओकिनावा जपानच्या ४७ प्रांतांत २६ व्या क्रमांकावर घसरला आणि जपानी वृत्तपत्रांनी त्याला ‘२६ चा धक्का’ म्हटले. रताळी व भाज्या मागे पडल्या आणि अमेरिकी तळांभोवती वाढलेले तयार मांसाहारी खाणे व मोटारीचा प्रवास पुढे आला, हे त्याचे मुख्य कारण मानले जाते. त्या बेटावरची जी एक गोष्ट मला उचलून आणावीशी वाटते ती ‘मोआई’. ठरावीक मंडळींनी दरमहा जमायचे, पैसे एकत्र टाकायचे, आळीपाळीने एकाने उचलायचे आणि मग गप्पा मारत बसायचे. म्हणजे आपली भिशीच! ती आणण्यासाठी जपानला जाण्याची गरज नाही. आपल्या आळीतील भिशी मोडून परगावी जाताना मात्र आपण काय मोडतो आहोत याचा हिशेब करावा.

याचा अर्थ माणसे चांगली असली की सारे आले, असा कुणी घेऊ नये. चाणक्याच्या यादीतला पाचवा, वैद्य, चेहरा नसलेल्या आकड्यांत हरवू देण्यासारखा नाही. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने एकेकाळी कितीतरी माणसे, विशेषतः मुले, दगावत. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी महाड परिसरात काम करताना अशा रुग्णांचा बारकाईने अभ्यास केला आणि रक्तदाबावरचे प्राझोसिन हे साधे औषध त्यावर वापरले; मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले. विंचू, माती, पाऊस, दगडी गडगे सारे जागच्या जागी होते. एका डॉक्टरच्या तेथे असण्याने तो मुलूख राहण्यास अधिक सुरक्षित झाला.

कोकणात घर बांधू इच्छिणाऱ्यांनी म्हणूनच समुद्र किती पावलांवर आहे याच्या आधी सीटी स्कॅनची सोय किती मिनिटांवर आहे ते विचारावे. मेंदूतील रक्तवाहिनीत गुठळी अडकून पक्षाघात झाला, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि ते देण्यापूर्वी स्कॅन करावाच लागतो. घाटात दरड कोसळलेली, वीज गेलेली, रात्रीचे दोन वाजलेले आणि गाडी चालवू शकणारी एकमेव व्यक्ती आजारी, असे चित्र डोळ्यांसमोर आणून मग नकाशा पाहावा. हे अभद्र बोलणे नव्हे. घराचा आराखडा आखताना आपण पावसाचे पाणी कोठून जाईल हे पाहतोच ना?

मुलांजवळ परदेशी जाणाऱ्या आईवडिलांच्या बाबतीत बेत प्रेमाने आखले जातात आणि तपशील विसरले जातात. अमेरिकेत कायम वास्तव्याचा परवाना मिळालेल्या ६५ वर्षांवरील व्यक्तीला तेथे सलग पाच वर्षे राहिल्याखेरीज सामान्यतः ‘मेडिकेअर’ हा सरकारी आरोग्यविमा विकतही घेता येत नाही. ब्रिटनने वृद्ध पालकांना आणण्याचे नियम २०१२ पासून फार कडक केले आहेत. त्याहून नाजूक गोष्ट अशी की, तेथील अनेक उपनगरांत मोटारीवाचून साधे दूधही आणता येत नाही. ज्या आजोबांनी पन्नास वर्षे स्वतः मंडईत जाऊन भाजी निवडली, ते सुनेला सुटी कधी आहे याची वाट पाहू लागतात. त्यांचे पाय थकण्याआधी त्यांची उमेद थकते, आणि चालणे थांबले की साखर व सांधे त्याची नोंद लगेच घेतात.

हवेबद्दल एक आकडा जवळ ठेवावा. अतिसूक्ष्म धूलिकणांचे वर्षाचे सरासरी प्रमाण घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवले. आपल्या देशाचे मानक ४० आहे. ‘मानकात बसते’ एवढ्या उत्तरावर दम्याच्या रुग्णाने समाधान मानू नये.

आणि गाव पाहायला जायचे तर त्याच्या सर्वांत वाईट ऋतूत जावे. महाबळेश्वर डिसेंबरात कुणालाही आवडते. पण तेथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सारा चार महिन्यांत. विदर्भातील गाव मे महिन्यात पाहावे, युरोपातील जानेवारीत, कोकणातील आषाढात. हॉटेलात न उतरता पंधरा दिवस एखादे घर भाड्याने घ्यावे. घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीला बरोबर न्यावे आणि मधल्या एखाद्या मंगळवारी तिला एकटीला किराणा, औषधे व वाचनालय यांची फेरी पायी करू द्यावी. ती किती वेळात परतते, वाटेत किती ठिकाणी बसायला जागा मिळते, किती जण तिच्याशी दोन शब्द बोलतात, हे वहीत लिहून ठेवावे. जागेचा व्यवहार त्यानंतर करावा.